पहिल्या घागरीचा मान

तीर्थाला हात पुढं न करणारी सून निलम्मानं उभ्या जन्मात पाहिली नव्हती, आणि पाहायची वेळ आली ती स्वतःच्याच घरात. सकाळची लिंगपूजा उरकली की ती तीर्थाची वाटी घेऊन माजघरात यायची. नवरा मल्लप्पा तळवा पुढं करायचा, सुर्रकन ओढायचा आणि ओला हात टकलावरून फिरवायचा. मुलगा चन्नवीर फटफटीची किल्ली दातात धरून का होईना, पण हात पुढं करायचा. आणि सून नेत्रावती, गावातल्याच शाळेतली मास्तरीण, तिला नेमकं त्याच वेळी गॅसवरचं दूध आठवायचं. रोज. वाटी उंबऱ्यात दिसायचा अवकाश, दूध उतू जायला टपलेलंच.

“तुझं दूध माझ्या वाटीवर नजर ठेवून असतंय की काय गं?” निलम्मा विचारायची.

“न्हाई अत्याबाई, खरंच वर आलं होतं.”

“आमच्या येळंला बरं कधी आलं न्हाई! आमी काय चुलीवर दगड तापवत होतो?”

बरं, स्वतः घेत नाही तर नको घेऊ. पण नेत्रावतीची मजल पुढं गेली. दोन वर्षांच्या रेणूच्या ओठांवर निलम्मानं तीर्थाचे चार थेंब सोडले, तर या बाईनं लेकरू उचललं आणि पदराचं टोक त्याच्या तोंडात घालून ते थेंब टिपून घेतले. निलम्माच्या डोळ्यांदेखत.

“कामून पुसायलीस? पालीनं तोंड लावलं का तीर्थाला?”

“सर्दी झाली हाय तिला.”

“चार थेंबानं सर्दी वाढती? मग रोज बादलीभर पान्यात बसवून धुतीस ते काय?”

तीर्थावरनं नेत्रावती कधी उलट बोलायचीच नाही. खाली मान घालून पोरीला कडेवर घेऊन आत जायची, आणि ती खाली घातलेली मान निलम्माला वर काढलेल्या फण्यापेक्षा जास्त झोंबायची. भांडली असती तर तोंडावर तोंड देता आलं असतं. ही नुसती घरात राहून परकी व्हायची.

त्यात ती निळी क्यान. बसस्टँडच्या कोपऱ्यावर शुद्ध पाण्याची मशीन बसवली होती, तिथनं नेत्रावती स्वतःला आणि लेकराला क्यान भरून आणायची आणि स्वैपाकघरात वेगळी ठेवायची. त्या मशीनच्या तोटीला गावातली कारटी तोंड लावून पाणी पितात हे निलम्मानं डोळ्यांनी पाहिलं होतं. असलं उष्टं पाणी या मास्तरणीला गोड, आणि सासूनं मडीनं आणलेलं पाणी नको!

मडीचं पाणी म्हणजे काय हे त्या घरात कुणाला सांगायची गरज नव्हती. उजाडायच्या आत आंघोळ करायची, ओल्या लुगड्यानं नळावर जायचं, वाटेत कुणाला शिवायचं नाही, कुणाशी बोलायचं नाही, आणि दुसऱ्या कुणाचं भांडं लागायच्या आधी तांब्याची घागर भरून घरी आणायची. ते पाणी लिंगाला. ते लिंगावरनं आलं की तीर्थ. निलम्मा शाळेत फार गेली नव्हती. अक्षरं लावून लावून सही करायची तेवढी. पण सासूनं शिकवलेली ही रीत तिनं एक दिवस मोडली नव्हती, बाळंतपणं सोडून.

त्यांची गल्ली म्हणजे दुबलगुंडीच्या रस्त्याला टेकलेली, गावाची शेवटची. तिथवर येईस्तोवर नळाच्या पाण्याला जोर राहत नसे, म्हणून लोकांनी तोटी खाली जमिनीत नेली होती. हातभर खोल खड्डा, त्यात उतरून वाकून भरायचं. शेजारून गटार. पाइप त्या गटारीच्या अंगाअंगानंच आलेला. पाणी एक दिवसाआड सुटायचं. वाटरमन शिवशरणनं टाकीकडं व्हॉल्व फिरवला की आधी तोटी फुसफुसायची, मग म्हाताऱ्या माणसासारखी खोकायची, मग पाणी यायचं.

त्या पहिल्या पाण्याला निलम्माची घागर. तिच्या आधी गल्लीत कुणाची बिशाद नव्हती. एकदा एका नव्या सुनेनं चुकून कळशी लावली होती, ती निलम्मानं पायानं उडवून गटारीत घातली. तेव्हापासून बायका आपापल्या घागरी घेऊन बाजूला उभ्या राहायच्या. शेजारची महादेवी तर पदर सावरून म्हणायची, “आधी तुमी भरा अक्का, तुमचं देवाचं हाय.” निलम्मा मान ताठ ठेवून खड्ड्यात उतरायची. अंधारात पाणी कसलं दिसतं? घरी येऊन ती ते पांढऱ्या धोतराच्या घडीतनं गाळायची. घडी तांबूस व्हायची, तर पाइपाचा गंज असंल म्हणून पिळून टाकायची. वासाचं म्हणाल तर तपकीर ओढून ओढून तिचं नाक कधीच बधिर झालेलं.

कार्तिकात एकदा नेत्रावती म्हणाली होती, “अत्याबाई, देवाचं पानी उकळून घेत जावा की.”

निलम्मा उडालीच. “शिजवलेलं पानी लिंगावर घालू? तुझ्या माहेरी, निर्ण्याला घालत असतील. तुझी आई पूजा करती का पिठलं?”

झालं. नेत्रावतीनं तो विषय पुन्हा काढला नाही.

संक्रांत झाली, शेतात हुरडा आला. हुरड्याचं नाव काढलं की मल्लप्पाच्या तोंडाला पाणी सुटायचं. पाहुण्यांना गोळा करून शेतात घेऊन जाणारा माणूस. यंदा आगटीपासून लांब बसला. दोन दाणे तोंडात टाकले आणि बांधाकडं जाऊन ओकला. घरी आला तो अंथरुणावर पडला. जेवण नको, चहा नको. दोन दिवसांनी निलम्मानं त्याच्या डोळ्यांत पाहिलं. डोळे हळद लावल्यासारखे पिवळे.

ती घाबरली, आणि घाबरली म्हणूनच जास्त ओरडायला लागली. “ज्या घरात तीर्थाला पाठ दाखवत्यात तिथं असंच व्हनार,” असं ती स्वैपाकघराकडं तोंड करून म्हणायची. राजेश्वरहून कुणाकडून तरी काविळीचा पाला आणला, ताकातनं दिला. आणि तीर्थ, जे सकाळी एकदा द्यायची, ते तीन वेळा द्यायला लागली. मल्लप्पा बिचारा उशाशी वाटी आली की पडल्या पडल्या तोंड उघडायचा.

“दवाखान्याला न्यावा लागंल, अत्याबाई,” नेत्रावती दारात उभी राहून म्हणाली.

“तू पोरांला पाढे शिकव. माझ्या नवऱ्याचं मी बघते.”

नेत्रावतीनं ओठ उघडले. वाटीकडं पाहिलं. मग मिटले.

हे निलम्मानं पाहिलं होतं. त्या वेळी तिला त्यातलं काहीच कळलं नाही.

मल्लप्पा एका दुपारी बरळायला लागला. मेलेल्या भावाला हाका मारायला लागला, बायकोला ओळखेना. तेव्हा मात्र चन्नवीरनं आईचं ऐकलं नाही. मोटार बोलावली, बापाला मागं आडवं घातलं आणि सरळ बीदर गाठलं. निलम्मा नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन सबंध वाटभर ड्रायव्हरला शिव्या देत गेली, कारण सून हाताशी नव्हती.

दवाखान्यातली डॉक्टरीण तिला सुनेपेक्षाही लहान वाटली. रक्ताचे कागद बघून तिनं विचारलं, “पानी कुठलं पिता आजी?”

“नळाचं. मडीचं. गाळून.”

“ह्ये घान पान्यानं होतंय. मैला मिसळलेल्या. लिवरपर्यंत गेलंय. आनखी उशीर केला असता तर मी काय करू शकले नसते.”

“आमच्या घरात मैला?” निलम्मा म्हणाली. “बाई, तोंड सांभाळून बोल. आमी लिंगाला आधी घालतो, मग पितो.”

डॉक्टरीण पुढच्या खाटेकडं गेली. निलम्मा मल्लप्पाच्या पायाशी बसून राहिली. मनातल्या मनात तिनं गावातली एकेक विहीर, एकेक हॉटेल तपासलं. नवऱ्यानं कुठं काय खाल्लं असंल? बाजारात? आडतीवर? स्वतःच्या घागरीपाशी तिचं मन जायचंच नाही. बरेच दिवस मल्लप्पा इकडं ना तिकडं असा पडून होता. मग एका सकाळी त्यानं डोळे उघडले, बायकोकडं बघितलं आणि विचारलं, “म्हशीला कोन बघायलंय?” डॉक्टरीण म्हणाली, आता भीती नाही, पण घरी गेल्यावर पाणी बदला. निलम्मानं पदरानं डोळे पुसले, चन्नवीरला बापाजवळ बसवलं आणि कपडे आणायला म्हणून दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं गावाकडं निघाली.

त्या दिवशी पाणी उशिरा सुटलं होतं. निलम्मा गल्लीच्या तोंडाशी आली तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं, आणि नळावर बायका घागरी घेऊन उभ्या होत्या. शिवशरण गाडीवर एक पाय टेकून कुणाशी तरी हसत होता. तोटी खोकत होती. खड्ड्यात पाणी पडायला लागलं. एकही बाई वाकली नाही. घागरी काखेतच. पाणी खड्ड्यात साचलं आणि काठावरनं गटारीत वाहायला लागलं.

निलम्माचं टाळकं सटकलं. आपण थोडे दिवस नाही तर देवाच्या पाण्याची ही दशा!

“हात मोडले का गं सगळ्यांचे?” ती लांबूनच ओरडली. “पहिलं पानी गटारीत सोडायलाव?”

निलम्मा खड्ड्यापाशी आली, वाकली, आणि पहिल्यांदा उजेडात तिनं तोटीखालचं पाणी पाहिलं. मोरीच्या तळाशी बसतं तसलं काळपट. त्यात केसासारखं काहीतरी तरंगत होतं. तिच्या बधिर नाकापर्यंतसुद्धा वास आला.

“ह्ये काय हाय?”

“पहिलं पानी असंच असतंय,” शिवशरण गाडीवरनं न उतरता म्हणाला. “मधल्या दिवशी पाइप रिकामा ऱ्हातो, गटारीचं आत शिरतंय. दोन घागरी जाऊ द्याच्या, मग साफ येतंय. सगळ्या गल्लीला ठाऊक हाय.”

“मला न्हाई सांगितलास मुडद्या!”

“तुमाला? मागच्या साली व्हॉल्व उशिरा फिरवला तर तुमी माझ्या मेल्या बापाला उकरून काढलाव. तुमाला कोन सांगनार? आन् तुमच्या घरात तर मास्तरीण बाई बसलीय. तिनंच बाटल्या भरून तपासलं की. पंचायतीनं शाळेला पानी तपासायची पेटी दिलीय. पहिल्या पान्याची बाटली काळी झाली, मंजे त्यात मैला, नंतरच्या पान्याची न्हाई झाली. बाईनंच येऊन पंचायतीत सांगितलं. मी मनलं, चला, त्या घरात सांगायचं कामच उरलं न्हाई.”

“कधी?”

“दिवाळीच्या आसपास.”

निलम्मा महादेवीकडं वळली. महादेवी घागरीच्या काठावर बोट फिरवत होती.

“आन् तू मला मनायचीस, आधी तुमी भरा अक्का.”

“मग काय मनू?” महादेवीनं मान वर केली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिच्या आवाजात धार होती. “तुमच्या आधी घागर लावली तर तुमी लाथ मारता. नंतर भरा मनलं तर मडी मोडली मनून आमच्या सात पिढ्या धुता. तुमाला पहिलं पाहिजे होतं, आमाला दुसरं. आमी कामून भांडावं?”

एक बाई तोंडाला पदर लावून हसली. निलम्माला ते दिसलं. जो मान आजवर ती डोक्यावर घागरीसारखा मिरवत होती, तो हा असा. बायका बाजूला उभ्या राहायच्या, वाट द्यायच्या, आणि ती ओल्या लुगड्यानं, कुणाला न शिवता, सबंध गल्लीचं गटार घरी घेऊन जायची. लिंगावर घालायची. नवऱ्याच्या तोंडात सोडायची. आजारात तीन वेळा.

ती वळली आणि घराकडं चालायला लागली.

नेत्रावती शाळेला निघाली होती. वेणीला पिन लावत होती, रेणू तिच्या पायाशी डबा वाजवत होती. सासूला दारात बघून ती म्हणाली, “आलाव? मामांचं कसं हाय? यांचा फोन आला होता, बरं हाय मनले.”

“बाटली काळी झाली होती?” निलम्मानं विचारलं.

नेत्रावतीच्या हातातली पिन तिथंच राहिली. ती म्हणाली, “व्हय.”

“चन्नवीरला ठाऊक?”

“सांगितलं होतं. ते मनले, आत्ता नको, अव्वा घर डोक्यावर घेईल. नवीन पाइप येनार हाय, मग आपोआप नीट होईल.”

“माझ्या लेकाचा हिशोब मी बीदरला जाऊन करीन. तुझं सांग.”

“मी सांगितलं होतं तुमाला. उकळून घ्या मनलं होतं. तुमी माझ्या आईला मधे आणलाव.” नेत्रावतीची मान खाली नव्हती. पहिल्यांदाच नव्हती. “ह्या घरात मी काय बी बोललं की तुमी निर्ण्याला पोचता. माझ्या आईनं तुमचं काय खाल्लं हो? लग्नाला येऊन गेली, त्यानंतर तिनं ह्या उंबऱ्यात पाय ठेवला न्हाई, तुमच्या तोंडाला भिऊन. मी बी भ्याले. मनलं, माझं लेकरू तरी वाचवावं. बाकीच्यांनी आपापलं बघावं.”

“बाकीचे.”

“मामा आजारी पडल्यावर मी दवाखान्याचं मनले होते.”

“दवाखान्याचं मनलीस. पान्याचं न्हाई मनलीस. मी वाटी घेऊन उशाशी बसले होते आन् तू दारात उभी होतीस. तोंड उघडलंस, मिटलंस. मी बघितलं.”

नेत्रावतीच्या डोळ्यांतनं पाणी आलं. रेणू डबा वाजवायची थांबली आणि आजीकडं बघायला लागली. निलम्मानं नातीकडं पाहिलं. पोरगी टवटवीत होती, गाल भरलेले. त्या गटारीच्या पाण्यापासून ती वाचली होती, आणि ती कुणामुळं हेही निलम्माला आता कळत होतं. त्यानं तिचा राग कमी झाला नाही, उलट त्याला धरायला काठ मिळाला. ती आत गेली, तांब्याची घागर उचलून आणली आणि सुनेच्या पायाशी आदळली. घागरीला पोचा पडला.

“आता ऐक,” ती म्हणाली. “माझं तोंड वाईट हाय. गल्लीला ठाऊक हाय, तुझ्या आईला ठाऊक हाय, मला बी ठाऊक हाय. पन वाईट तोंडाच्या बाईला खरं सांगायचं नसतंय असं कुठल्या शाळेत शिकवत्यात? त्या नळावरच्या बायका परक्या. त्यांनी मला गटार भरू दिलं, त्यांचं मी बघून घेईन. तू ह्या घरातलं जेवतीस. एकदा सांगितलं मनतीस. माझ्या हातनं तुझ्या साडीचा रंग गेला, तर ते तू महिनाभर ऐकवलंस. मानूस पिवळा पडला तर एकदाच? आन् भ्याले मनू नको. माझ्यासमोर माझं तीर्थ लेकराच्या ओठातनं टिपून काढायला भ्याली न्हाईस. तू भ्याली नव्हतीस नेत्रावती, तू रुसली होतीस. रुसून बसलीस आन् तुझ्या मामांना मरू देत होतीस. ते वाचले ते डॉक्टरनीमुळं, तुझ्यामुळं न्हाई. तर आजपासून लिंगाचं पानी मी आननार न्हाई. तू आनायचं. पहिलं सोडून दे, दुसरं सोडून दे, उकळ, काय तुझ्या त्या बाटल्यांत घालायचं ते घाल, मला विचारू नको. पन रोज सकाळी, शाळेला जायच्या आधी, ह्या माजघरात, माझ्यासमोर उभी ऱ्हाऊन आधी तू पिशील. तुझ्या गळ्याखाली उतरलेलं मी बघीन. मगच माझ्या नवऱ्याच्या हातावर पडंल.”